निरोपाचे नारळ

रूपराव उमाटे माडबंदरला राहायला गेले नाहीत. गोष्टीचा शेवट हा असा आहे, आणि तो आधीच सांगून टाकल्यामुळे आता कोणाच्या जिवाला घोर लागायचं कारण नाही. मात्र यापुढे हा शेवट आपल्या कानावर आलेलाच नाही असं समजून चालायचं आहे. त्यात अवघड काही नाही, वर्ध्याजवळच्या अख्ख्या नालवाडी गावाने तेच केलं. रूपराव डोळ्यांदेखत मारुतीच्या देवळात चटई टाकून बसलेले असताना नालवाडी ते गेले असंच समजत होती, आणि तिचं काही अडलं नाही.

तर, रूपराव माडबंदरला चालले होते.

आणीबाणी उठल्यानंतरचा दुसरा उन्हाळा तोंडावर होता. रूपराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांनी पाण्याच्या फायली हाताळल्या. पाणी मागणारे अर्ज, पाणी न मिळाल्याचे अर्ज, आणि पाणी मिळालं असं चुकून कळवणाऱ्यांकडून मागवलेले खुलासे. प्रत्यक्ष पाणी त्यांनी पाहिलं ते टेबलावरच्या गिलासात. मे महिन्यात घरचा पंखा गरम हवा फेकायचा, आणि बंद केला तर तीच हवा पायी चालत यायची. ज्या पाण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही असं पाणी एकदा डोळ्यांनी पाहावं, आणि एकदा पाहिलं की तिथून उठू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

ही इच्छा प्रभाकररावांनी हेरली. प्रभाकरराव म्हणजे रूपरावांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा, मावसभाऊ. मूळचा आष्टीचा, पण नोकरीमुळे पार कोकणात, माडबंदर नावाच्या छोट्या गावात, बंदराच्या कचेरीत जाऊन पडलेला. दिवाळीत भाऊबिजेला आला तेव्हा ओवाळून घेता घेताच त्याने सांगितलं.

"वर्ध्याच्या टेसनावर सायकल ठेवाले जेवढे पैसे पडते ना भाऊजी, तेवढ्यात तिथी घर भेटते. मागं आंगण, आंगणात इहीर, न इहिरीच्या पल्याड समुद्र."

घराचा मालक मुंबईला होता. त्याला भाड्याचं अगत्य नव्हतं, घर बंद राहू नये एवढंच म्हणणं होतं. चैत्रात या, तोवर मी त्याला थोपवून धरतो, असं प्रभाकररावांनी कबूल केलं. अन्नपूर्णाबाईंनी दोनच प्रश्न विचारले. तिकडे दळण कुठे दळतात, आणि विहीर उन्हाळ्यात आटते का. आटत नाही, असं भाऊ म्हणाला. लग्न झाल्यापासून दर मे महिन्यात विहिरीच्या तळाची माती बादलीने वर काढलेल्या अन्नपूर्णाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या उठल्या आणि पितळी डबे जुन्या लुगड्यात बांधायला लागल्या.

इथवर सगळं ठीक होतं. रूपरावांनी चूक केली ती होळीच्या दिवशी, भैयाजींना सांगून.

भैयाजी समोरच्या घरात राहायचे. दोन्ही घरं एकाच मालकाची, बापूजींची. भैयाजी एकटे होते, कापसाच्या जिनात काट्यावर एकामागून एक बैलगाड्या तोलायचं काम करून रिटायर झालेले. त्यामुळे ते कुठलीही बातमी स्वतःजवळ ठेवायचे नाहीत, पुढच्या गाडीला जागा करून द्यायचे. रात्र व्हायच्या आत नालवाडीला कळलं की रूपराव चालले.

आता नालवाडीतून बिऱ्हाड हलवणं हे काही सामान उचलून चालू पडण्याइतकं सोपं नव्हतं. जाणाऱ्याने प्रत्येक घरी निरोपाचं जेवण जेवायचं, अशी तिथली पद्धत. जेवण झालं की पुरुषाला दुपट्टा-टोपी, बाईला चोळीचा खण आणि वर एक नारळ. नव्याने राहायला येणाऱ्यासाठी हीच पद्धत उलटी होती, त्याने सगळ्या घरांना जेवू घालायचं. म्हणजे गावाचं कोणाकडे काही राहत नाही. एखाद्या घरी जेवायचं टाळलं तर ते घर पुढच्या दोन पिढ्या विचारत राहतं, आमच्याच घरी काऊन नाई जेवले म्हणून.

रूपरावांना वाटलं, आठवड्यात उरकेल. पण सोमवारी अर्ध्या गावाचा उपास, मधे एकादशी, अमावस्येला निरोप द्यायचा नाही, आणि एका दिवशी दोन घरी जेवायचं म्हणजे दोन्ही घरांचा अपमान. शिवाय ज्याच्या घरी साधं वरण-भात झालं त्याने शेजारी पुरणपोळी झाल्याचं ऐकून पुन्हा बोलावलं. गुढीपाडवा गेला, रामनवमी गेली. रूपरावांच्या घरात दुपट्ट्यांची चळत कमरेला लागली आणि नारळांसाठी कापसाचं पोतं आणावं लागलं. कोकणात राहायला जाणारा माणूस वर्ध्याहून पोतंभर नारळ घेऊन चालला होता. हे अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याला एकदा सुचवून पाहिलं. पण नारळ नको म्हणायची नालवाडीत पद्धत नव्हती.

प्रत्येक जेवणाला भैयाजी बरोबर असायचे. रूपरावांना एकट्याने जेवायला संकोच वाटतो, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. पानावर बसलं की यजमान विचारायचा, कसं हाये जी ते माडबंदर, आणि रूपराव मालकाच्या मुंबईच्या पत्त्यापासून सगळं सांगायचे. पहिल्या घरी समुद्र विहिरीच्या पलीकडे होता. रामनवमीपर्यंत तो अंगणात आला. बुद्धविहारामागच्या गुलाबरावांच्या घरी पाटवडीचा रस्सा होता. तिथे तर लाटा उंबऱ्याला लागल्या, आणि वाऱ्याने रात्री गोधडी पांघरावी लागते असं रूपराव मे महिन्याच्या तोंडावर म्हणाले. गुलाबराव पाटबंधाऱ्यातलेच, रूपरावांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी नुसती मान हलवली, कारण कचेरीत असताना रूपरावांनी तयार केलेले अहवाल त्यांनी वाचले होते. भैयाजी मात्र पहिल्या चार-पाच घरी गालातल्या गालात हसत होते, मग हसायचे थांबले, आणि पाटवडीच्या दिवशी घास हातात धरून नुसते ऐकत राहिले.

दुसऱ्याच दिवशी भैयाजींची दाढ दुखायला लागली. गालाला हात लावून ते म्हणाले, नागपूरला जाऊन कवळीच बसवून येतो. गेले ते आठवडाभराने परतले. कवळी कशी बसली हे कोणी पाहिलं नाही, कारण त्या दिवशी जेवायला आमरस होता.

परत आल्यावर भैयाजींना रूपरावांचा भलताच कळवळा आला. रूपराव निघायची तारीख काढायचे आणि भैयाजींना एक घर आठवायचं. शाळेमागचे राहिले, ते रागावतील. कोणाचे तरी सेलूचे व्याही दोन दिवसांसाठी आलेत, त्यांना काय वाटेल. एकदा तर त्यांनी नालवाडीत अजून राहायलाही न आलेल्या एका कुटुंबाचं नाव काढलं. चैत्र सरला तरी रूपराव जेवतच होते. प्रभाकररावांच्या मुदतीची आठवण अन्नपूर्णाबाईंनी केली तेव्हा रूपराव म्हणाले,

"आता दोनच घरं राह्यली. समुद्र काय पयून चालला का?"

"समुद्र नाई जात. घर जाते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शेवटी वैशाखात मारुतीच्या देवळात सार्वजनिक निरोप समारंभ झाला. मंडपावर रूपरावांच्या नावाचा कापडी फलक लागला. भाषणं झाली. रूपराव मोठे सज्जन गृहस्थ होते, कोणाच्या अध्यात-मध्यात नव्हते, असं बापूजी उभं राहून बोलले, आणि बसताना रूपरावांच्याच मांडीचा आधार घेतला. भजनी मंडळाने रूपरावांचे टाळ काढून दुसऱ्याच्या हातात दिले. समारंभ चालू असताना भैयाजी, बैलगाडीचं पाहून येतो, असं सांगून उठले. गाडी खरंच समोर उभी होती आणि भरली जात होती. रूपरावांचं सामान समजून देवळातल्या चौघांनी उठून तिला हात लावला, दोर आवळला, आणि हळू घेऊन जाजो, असं गाडीवाल्याला बजावलंही. ते सामान रूपरावांचं नव्हतं, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव आणि अन्नपूर्णाबाई डबे, दुपट्टे आणि नारळांचं पोतं घेऊन टांग्यात बसले. बापूजींनी पुतण्याच्या लग्नासाठी रूपरावांचं घर आधीच चुन्याने रंगवून घेतलं होतं, ते राहत असतानाच, त्यामुळे दोघांच्या अंगावर पांढरे डाग होते. नालवाडी वेशीपर्यंत आली, बायकांनी पदर डोळ्यांना लावला. भैयाजी स्टेशनपर्यंत येणार होते, पण ऐन वेळी त्यांची दाढ पुन्हा दुखली.

स्टेशनवर मुंबईकडे जाणारी गाडी यायची होती. तिच्या आधी नागपूरकडे जाणारी आली, आणि तिच्यातून प्रभाकरराव उतरले. आष्टीला पुतणीच्या लग्नाला आले होते. बहीण-भाऊजींना पोत्यासह पाहून ते थबकले.

"कुठी निघाले जी?"

"तुमच्याकडंच," रूपराव म्हणाले.

प्रभाकररावांनी आधी पिशवी खाली ठेवली, मग सांगितलं. चैत्र सरत आला तरी कोणी येईना, म्हणून मालक कावला. तेवढ्यात वर्ध्याकडचा एक माणूस परस्पर मुंबईला मालकाच्या दारात उभा राहिला. मी रूपरावांकडून आलो, असं म्हणाला. मालकाने त्याच्या हातात किल्ली दिली. प्रभाकरराव तेव्हा दौऱ्यावर होते, परत आल्यावर कळलं.

"मले वाटलं तुमीच धाडला," प्रभाकरराव म्हणाले. "मालक सांगत होता, बिचाऱ्याची दाढ लय दुखत होती म्हणे."

रूपरावांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी पोत्याकडे पाहिलं. मुंबईची गाडी आली, थांबली आणि गेली.

टांगा नालवाडीत परतला तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भैयाजींच्या दाराला कुलूप होतं. समोर, जे काल रात्रीपर्यंत रूपरावांचं घर होतं, तिथे बापूजींचा पुतण्या आणि त्याची नवी नवरी शेवया खात बसली होती. पुतण्याने उठून नमस्कार केला आणि, या ना काका, म्हणून दारातच उभा राहिला.

शेजारच्या देवकाबाई कुरडया वाळत घालायला बाहेर आल्या होत्या.

"काय इसरलं जी?" त्यांनी विचारलं.

रूपरावांनी काय घडलं ते सगळं सांगितलं. घर गेलं, भैयाजींनी घेतलं, आता आम्ही इथेच राहणार. देवकाबाईंनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"बरं मंग," त्या म्हणाल्या, "आता गाडी कधीची हाये?"

नालवाडीचा यावर विश्वास बसेना. भैयाजी फसवतील हे लोकांना मान्य होतं, त्यात काही विशेष नव्हतं. पण एका घरीही जेवल्याशिवाय माणूस गाव सोडेल, हे कोणाला पटेना. ते नागपूरला गेले असतील, कवळी ढिली झाली असेल, असंच सगळे म्हणाले. रूपराव आणि अन्नपूर्णाबाईंनी देवळाच्या मंडपात, स्वतःच्या निरोपाच्या फलकाखाली, चटई टाकली.

तिथून पुढचे दिवस रूपरावांनी न भूतो असे काढले. येणारा-जाणारा अदबीने विचारायचा, गाडी चुकली का. दूधवाला समोरून जायचा आणि थांबायचा नाही, कारण रूपरावांचं दूध बंद होतं, रूपराव गेले होते. रेशनच्या दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं की तुमचं नाव इथून कमी झालं, कार्डावर माडबंदर चढलं, आता तुमची साखर तिकडे मिळेल. स्वतःच्या साखरेला तरी समुद्र दिसतोय, असं रूपरावांना वाटून गेलं. भजनाला ते टाळ्या वाजवत मागे बसायचे. जेवायला मात्र कोणी बोलवायचं नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांचं जेवण होऊन गेलं होतं, एवढंच.

रूपरावांनी दुपट्टे परत करायची तयारी दाखवली. तेव्हा गुलाबराव देवळाच्या पायरीवर बसून समजुतीने म्हणाले,

"साहेब, मी म्हन्तो तुमी राहाच. दुपट्टा वापस घेता येते. पन पाटवडी कशी वापस करसान?"

ऊन वाढत होतं, देवळाचे पत्रे तापत होते, आणि या वयात डोक्यावर छप्पर नाही हे रूपरावांना आता रात्रंदिवस दिसायला लागलं. ते अन्नपूर्णाबाईंना म्हणाले की आष्टीला तुझ्या माहेरी जाऊ. त्या म्हणाल्या, त्याआधी भैयाजींच्या घरात डोकावू. जाताना भैयाजी किल्ली देवकाबाईंकडे ठेवून गेले होते, तुळशीला पाणी घाला म्हणून, पण कुरडयांच्या घाईत त्या तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

देवकाबाईंनी कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं. खाट नव्हती, माठ नव्हता, कॅलेंडर अडकवायचा खिळासुद्धा भिंतीतून उपटून नेलेला होता. अंगणात तुळस तेवढी होती. देवकाबाई आत-बाहेर दोनदा फिरून आल्या.

"जेवल्याबिगर गेला वो माय," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नालवाडीत चूल पेटवताना घरोघरी हाच विषय होता. फसवणुकीचं कोणी फारसं बोललं नाही. परंतु एवढं मोठं गाव, आणि एकाच्याही हातचा नारळ न घेता माणूस निघून गेला. बापूजींना तर स्वतःचाच अपमान वाटला. घर मोकळं झालं हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला. लक्षात आलं तरी ते रूपरावांना द्यायचं कसं, हा पेच होताच. गेलेल्या माणसाला घर भाड्याने देता येत नाही, आणि रूपराव गेले असं बापूजी स्वतः बोलले होते, तेही मारुतीसमोर.

अन्नपूर्णाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून बापूजींच्या दारात गेल्या.

"घर भाड्यानं द्याचं हाये म्हणे?" त्यांनी विचारलं.

"कोनाले पायजे?"

"बाहेरगावचं बिऱ्हाड हाये. माडबंदरचं."

"कोन माडबंदरचं?"

"आमी. रेशन कार्डावर लिवलेलं हाये, पाहून घ्या."

बापूजींनी कार्ड पाहिलं. कार्डावर खरंच माडबंदर होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं मोठं ओझं उतरलं. त्यांनी किल्ली दिली, आणि नवीन माणसांना सांगतात तसं, पाण्याची जरा टंचाई असते, हेही सांगितलं.

नालवाडीचाही जीव भांड्यात पडला. माडबंदरहून आलेल्या या कुटुंबाची सगळ्यांनी आपुलकीने चौकशी केली. दूधवाल्याने नवीन रतीब धरला. भजनी मंडळाने, टाळ येतात का, असं विचारलं. आणि पद्धतीप्रमाणे नव्या बिऱ्हाडाने सगळ्या घरांना जेवू घातलं. पोतंभर नारळ तिथे उपयोगी पडले, वड्या केल्या, प्रसाद केला. दुपट्टेही एकेक करून पाहुण्यांच्या गळ्यात गेले. कोणाचा कोणता हे लक्षात राहिलं नसल्याने देवकाबाईंच्या घरी गुलाबरावांचा गेला, तो त्यांनी दारातच ओळखला, आणि घडी घालून ठेवला. पानावर बसलं की सगळे रूपरावांना विचारायचे, तुमच्याकडचा समुद्र कसा हाये जी. रूपराव सांगायचे. जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसाचं ते वर्णन ऐकायला लोक पुन्हा भात मागायचे.

प्रभाकरराव आष्टीचं लग्न आटोपून माडबंदरला परत निघाले तेव्हा एक दिवस बहिणीकडे उतरले. पुढे पावसाळ्यात त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर एकच निरोप पाठवला. भैयाजी रोज समुद्रकाठी बसतात, कोणी जेवायला बोलवत नाही अशी त्यांची तक्रार आहे, आणि रूपराव कधी आले तर पहिलं जेवण माझ्याकडे, असं ते म्हणाले आहेत.

"इहिरीचं काही सांगतलं का?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

विहीर काठोकाठ आहे म्हणे, असं निरोप्या म्हणाला. अन्नपूर्णाबाई आत गेल्या. नालवाडीच्या विहिरीची बादली बराच वेळ खाली खडखडत होती.

रूपरावांनी चष्मा लावला, पेनात शाई भरली, आणि कचेरीतल्या हाताने, समास सोडून, लिहायला घेतलं.

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता साहेब यांचे सेवेशी. विषय : समुद्राच्या बदलीबाबत. महोदय, विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र हा स्थापनेपासून एकाच ठिकाणी कार्यरत असून बदलीस सर्वतोपरी पात्र आहे. वर्धा जिल्ह्यात सदर पद पूर्वीपासून रिक्त आहे. अर्जदारास समुद्राकडे जाणे सामाजिक कारणास्तव शक्य होत नाही. सबब, सदर समुद्राची मौजे नालवाडी, तालुका व जिल्हा वर्धा येथे बदली करण्यात यावी, आणि त्यास कोणत्याही प्रकारचा निरोप समारंभ न करता तात्काळ कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती."